शाळेनं किती चालायचं?

४ जुलै २०१५ या दिवशी महाराष्ट्रात शाळाबाह्य मुलांची एकदिवसीय गणना झाली. शिक्षक आणि इतर कर्मचारी वस्त्या, बाजार, स्टँड, सिग्नल, पालं असे सगळीकडे फिरले. एकच मूल दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून मतदानाच्या वेळी लावतात तशी शाई बोटाला लावली गेली. मेहनत मोठी होती आणि हेतूही चांगला होता. पण तारीख बघा. जुलैच्या पहिल्या आठवड्यात बीड, नगर, जालन्याची ऊसतोड कुटुंबं आपापल्या गावी असतात. पावसामुळे वीटभट्ट्या बंद असतात. दर वर्षी चार-पाच महिने ज्यांची शाळा सुटते, ती मुलं त्या दिवशी गावच्या वर्गात हजर होती. हीच गणना जानेवारीत, कारखान्यांच्या गेटबाहेर ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांमध्ये, म्हणजे कोप्यांमध्ये झाली असती, तर आकडा वेगळा आला असता. आपली व्यवस्था मुलांना शोधायला निघते तेव्हासुद्धा स्वतःच्या वेळापत्रकानं निघते. समावेशक शिक्षणाचा विचार इथूनच सुरू करायला हवा.

दार उघडण्याची आपली परंपरा जुनी आणि अभिमानाची आहे. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, पाठोपाठ महार-मांग मुलांसाठी शाळा काढल्या. त्यांच्याच शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. आपल्या माणसांच्या दुःखाबद्दल तिनं त्यात धर्मसत्तेलाच जाब विचारला होता. शाळा खऱ्या अर्थानं सर्वांची झाली की काय घडतं, याचा हा आपल्याकडचा पहिला लेखी पुरावा. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन दिलं, त्यात बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीच्या शिक्षणाची मागणी सर्वांना आठवते. त्यातली दुसरी मागणी मला तितकीच मोलाची वाटते. प्राथमिक शाळेतले शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, त्यांना त्या मुलांत मिसळायला संकोच वाटू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. वर्गात कोण बसतं याइतकंच वर्गापुढे कोण उभं राहतं हेही महत्त्वाचं, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या जातींची वसतिगृहं उभी केली, १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड ठेवला. १९१९ साली त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. राहण्याची सोय जातवार, शिकण्याची सोय मात्र एकत्र, असा हा विचार होता. मुलाला आपल्या माणसांचा आधार हवा हे त्यांनी मानलं, आणि वर्ग वेगळा ठेवला की दर्जाही वेगळा होतो हेही ओळखलं. त्याच वर्षी भाऊराव पाटलांनी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, आणि पुढे साताऱ्याच्या त्यांच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवू लागली. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या मुलांसाठी अंगावरचे दागिने मोडले, ही हकिकत साताऱ्याकडे अजून घरोघर सांगतात.

पण दार उघडूनही मूल आलं नाही तर काय करायचं? या प्रश्नाचं उत्तर मला सर्वांत स्पष्ट दिसतं ते डहाणूकडच्या कामात. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना तिथंच येऊन मिळाल्या, आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं बालवाडीत येत नव्हती. धाकटं भावंड सांभाळायचं, गुरं वळायची, पोटासाठी काहीतरी गोळा करायचं, अशी सगळ्यांची दिवसभराची कामं ठरलेली. तेव्हा या दोघींनी बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. मुलं गुरांमागे कुरणात जातात, तर शाळा कुरणात; ती कुरणशाळा. परदेशी पद्धतीचं महागडं साहित्य परवडणारं नव्हतं आणि मुलांच्या ओळखीचंही नव्हतं, म्हणून बिया, शंख-शिंपले, खडे, पानं हेच गणिताचं आणि भाषेचं साहित्य झालं. आज देशभर ‘अंगणवाडी’ हा शब्द सरकारी कागदावर आहे, १९७५च्या बालविकास योजनेनं तो सगळीकडे नेला. मात्र त्यामागचा निर्णय, की मूल येत नसेल तर आपण जायचं, तो शब्दाबरोबर सगळीकडे गेला नाही.

नव्वदच्या दशकात वसई परिसरात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसद संस्थेनं वीटभट्टीवरच्या मुलांसाठी हेच केलं. भट्टीमजूर ज्या तात्पुरत्या झोपडीत राहतात तिला भोंगा म्हणतात. त्याच वस्तीत शाळा भरली म्हणून ती भोंगाशाळा. साखर कारखान्यांच्या आवारातल्या साखरशाळा याच वाटेनं आल्या.

ऊसतोडीच्या मुलांचं उदाहरण जरा जवळून बघू, कारण शाळेचं कॅलेंडर आणि मुलाचं कॅलेंडर यांची गाठ कुठं तुटते ते इथं उघड दिसतं. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची गाडी येते. कुटुंबानं उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणून नोंदलेले असतात. पहाटे अंधारातच आईबाप फडात जातात. कोपीत उरतात ती लहान मुलं आणि त्यांना सांभाळणारी एखादी नऊ-दहा वर्षांची मुलगी. पाणी भरणं, भाकरी करणं, कडेवरचं मूल झोपवणं हे तिच्याकडे. दुपारनंतर मोळ्या वाहायला हाताखाली माणूस लागतो, तो मोठा मुलगा. एप्रिलमध्ये गावी परत यावं तर वर्ग पुढे गेलेला, परीक्षा तोंडावर. शिक्षक हजेरी लावतात, निकाल ‘पास’ लागतो, आणि सहावीतल्या मुलाला दुसरीचं पुस्तक अडखळत वाचता येतं. नियमाप्रमाणे सलग महिनाभर गैरहजर राहिलेलं मूल शाळाबाह्य धरायचं असतं. पण तसं धरलं तर पट उतरतो, आणि पट उतरला की शिक्षकाचं पद जातं. त्यामुळे मूल कागदावर शाळेतच असतं.

सरकारनं हंगामी वसतिगृहं सुरू केली, शिक्षण हमी कार्ड आणलं, २०२१ साली संत भगवानबाबा यांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी कायमच्या वसतिगृहांची योजना केली. यातली प्रत्येक गोष्ट आवश्यक आहे. अडचण अंमलबजावणीच्या तारखांची आहे. हंगामी वसतिगृहाची मंजुरी गाड्या गेल्यावर आली, तर ती त्या वर्षापुरती निरुपयोगी. आणि मागे राहिलेल्या मुलीला रात्री कुठं ठेवायचं, ही आईची काळजी दोन वेळच्या जेवणानं मिटत नाही. म्हणून तिला सोबत नेतात, किंवा लवकर लग्न लावून देतात. लग्न झालं की एक नवा कोयता तयार होतो आणि त्यावर वेगळी उचल मिळते. मुलीची शाळा सुटण्याचं कारण इथं मजुरीच्या पद्धतीतच आहे. एकट्या शिक्षण खात्यानं ते सुटणार नाही, साखर कारखान्यांना त्यात ओढावं लागेल. कारखान्याला ऊस वेळेवर हवा असतो, तो तोडणाऱ्याच्या मुलांची जबाबदारी मात्र मुकादमावर ढकलून मोकळं होता येतं. हे मला अन्यायाचं वाटतं.

भटक्या-विमुक्तांची कथा याहून बिकट. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं ज्यांच्यावर जन्मतःच शिक्का मारला, त्यांची सुटका १९५२ साली झाली. शाळेत प्रवेशासाठी कागद नसला तरी चालतो, कायदा तसं सांगतो. शिष्यवृत्ती आणि वसतिगृहासाठी मात्र जातीचा दाखला लागतो. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांच्या आजोबांना गावानं तीन दिवसांच्या वर थांबू दिलं नाही, त्यांनी १९६१चा घराचा उतारा कुठून आणायचा? अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळा इथं मतीन भोसले यांनी फासेपारधी मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ नावाची आश्रमशाळा उभी केली. २०१९ साली समृद्धी महामार्गाच्या कामात तिच्या इमारतींचा काही भाग पाडला गेला.

आता भाषेकडे येऊ. मला हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग वाटतो. मेळघाटातलं सहा वर्षांचं कोरकू मूल पहिलीत येतं तेव्हा घरात, रानात, खेळात त्याचं सगळं जग कोरकूत असतं. बाई मराठीत बोलतात. पुस्तक मराठीत आहे. मूल गप्प बसतं. महिनाभरात त्याच्या नावापुढे ‘अबोल’ किंवा ‘मंद’ असा शेरा बसतो, आणि तो शेरा आयुष्यभर पुसला जात नाही. त्याच मुलाला रानातल्या चाळीस झाडांची नावं येतात, हे विचारायलाही बाईंजवळ भाषा नसते. शिक्षण हक्क कायद्यात शिक्षण शक्यतोवर मातृभाषेतून द्यावं असं कलम आहे. ‘शक्यतोवर’ या पळवाटेतून गोंडी, माडिया, भिली, पावरी, कोलामी, कातकरी अशा सगळ्या भाषा बाहेर पडल्या.

पर्याय नव्हते असं नाही. हेमलकशाच्या लोकबिरादरीनं माडिया मुलांसाठी त्यांच्या भाषेतून वाचनाकडे नेणारं साहित्य केलं. पालघरच्या वाडा तालुक्यात सोनाळ्याला नीलेश निमकर आणि त्यांची ‘क्वेस्ट’ संस्था आदिवासी मुलांच्या भाषाशिक्षणावर वर्षानुवर्षं शिस्तीनं काम करते आहे. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ साली स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा काढली. तिला मान्यता नसल्याबद्दल शिक्षण खात्याची नोटीस आली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. दुसरीकडे आदिवासी विकास विभाग मुलांना नामांकित इंग्रजी निवासी शाळांत पाठवण्यासाठी पैसे भरतो. इंग्रजीची ओढ पालकांना आहे आणि ती रास्त आहे. पण स्वतःच्या भाषेतली शाळा गावानं मागितली तर अडवायचं आणि गावापासून दूर नेणारी शाळा मागितली तर पैसे द्यायचे, हे धोरण उफराटं आहे.

२०२५च्या उन्हाळ्यात पहिलीपासून हिंदी लादण्यावरून राज्य पेटलं आणि जूनअखेर सरकारला शासन निर्णय मागे घ्यावे लागले. मराठी माणसानं तो लढा दिला ते योग्यच झालं. लहान मुलावर घराबाहेरची भाषा लादू नये हा त्यातला मुख्य मुद्दा होता. तोच मुद्दा धडगावच्या पावरी मुलाला मराठीच्या बाबतीत लागू होतो. त्या महिन्यांतल्या व्यासपीठांवर हे फार कमी जणांनी बोलून दाखवलं.

मराठीच्या आतही हा प्रश्न आहे. मॅक्सीन बर्नसन अमेरिकेतून आल्या आणि फलटणच्या झाल्या. तिथल्या बोलीतले सामाजिक थर हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय होता. त्यांनी मंगळवार पेठेतल्या दलित मुलांबरोबर काम सुरू केलं, त्यातून १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था आणि पुढे कमला निंबकर बालभवन उभं राहिलं. तिथल्या कामाचं सूत्र साधं आहे. मूल ‘न्हाई’, ‘पानी’, ‘व्हतं’ म्हणालं तर त्याला थांबवायचं नाही. त्याचं म्हणणं पूर्ण ऐकायचं, त्याच्याच वाक्यापासून वाचायला शिकवायचं, प्रमाण लेखन पुढे सावकाश येतं. बोलीला हसणारा शिक्षक मुलाच्या आईला हसत असतो, आणि मुलाला ते कळतं. मुंबई महापालिका आजही मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड, तमिळ, तेलुगू, इंग्रजी अशा आठ माध्यमांत शाळा चालवते. बहुभाषिक मुलांना सामावून घेण्याची ताकद आपल्या सार्वजनिक व्यवस्थेत आहे, याचा हा रोजचा पुरावा आहे. पट घसरत असताना तो किती वर्षं टिकेल, हा घोर मात्र खरा आहे.

दिव्यांग मुलांबाबत कायदा बराच पुढे गेला आहे. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६च्या कायद्यानं ते २१ केले, अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता त्यात आल्या. मुंबईत मिठू अलूर यांनी १९७२ साली सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी काम सुरू केलं, कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी ‘हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड’मधून. दोन्ही ठिकाणचा अनुभव पाहिला की एक गोष्ट पटते. योग्य आधार मिळाला तर ही मुलं इतरांच्या बरोबरीनं शिकतात, आणि त्यांच्यासोबत शिकलेली मुलंही जास्त समजूतदार होतात.

गावच्या शाळेत मात्र चित्र वेगळं. उतार बांधलेला असतो, कारण तपासणीच्या तक्त्यात त्याचा रकाना आहे. पण शौचालयाच्या दारातून चाकाची खुर्ची आत जात नाही, म्हणून त्या खुर्चीतली मुलगी सकाळपासून पाणी पीत नाही. विशेष शिक्षक वर्षानुवर्षं कंत्राटावर होते. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी प्राथमिक स्तरावर १० मुलांमागे १ विशेष शिक्षक हवा असं सांगितलं. २०२४ साली महाराष्ट्रानं शाळांच्या प्रत्येक केंद्राला एक याप्रमाणे ४,८६० पदं मंजूर केली, ही चांगली सुरुवात. पण एका केंद्रात साधारण दहा-पंधरा शाळा असतात. एक शिक्षक दुचाकीवरून फिरणार, त्यात एका मुलाच्या वाट्याला आठवड्यातून तास-दीड तास येणार. कर्णबधिर मुलाला खुणांची भाषा तेवढ्यात कशी येईल? वर्गशिक्षकाला थोडं तरी प्रशिक्षण आणि धीर दिल्याशिवाय हे जमणार नाही.

आणि मुलं आपल्या खात्यांच्या हद्दी पाळत नाहीत. जिल्हा परिषदेची शाळा शालेय शिक्षण विभागाची, आदिवासी आश्रमशाळा आदिवासी विकासची, भटक्या-विमुक्तांच्या आश्रमशाळा बहुजन कल्याणच्या, विशेष शाळा दिव्यांग कल्याणच्या, अंगणवाडी महिला व बालविकासची. धारणीतल्या एखाद्या कमी ऐकू येणाऱ्या कोरकू मुलीचा विचार करा. आश्रमशाळेत तिची भाषा जाणणारी मावशी कदाचित असेल, विशेष शिक्षक नसेल. विशेष शाळा अमरावतीला, तिथं कोरकू कुणाला येत नाही. श्रवणयंत्राचं शिबिर तिसरंच खातं भरवतं. प्रत्येक खात्याकडे तिच्या एकेका अडचणीची योजना आहे, पूर्ण मुलीची जबाबदारी कुणाकडेच नाही. आश्रमशाळांनी आदिवासींच्या पहिल्या पदवीधर पिढ्या घडवल्या, हे ऋण मोठं आहे. तरी सहा वर्षांच्या मुलाला आईपासून शंभर किलोमीटरवर ठेवणं हा शेवटचा उपाय असावा, पहिला नव्हे.

शहरांतली वेगळेपणाची भिंत आता फीची आहे. कोठारी आयोगानं १९६६ साली समान शाळा सुचवली होती. ती झाली नाही. शिक्षण हक्क कायद्यानं २५ टक्के जागांची तडजोड आणली. महाराष्ट्रात दर वर्षी सुमारे १ लाख जागा त्यात येतात. ९ फेब्रुवारी २०२४च्या अधिसूचनेनं, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना त्यातून सूट दिली. पालक न्यायालयात गेले आणि जुलै २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती अधिसूचना रद्द केली. निकाल महत्त्वाचा होता. पण आत गेलेल्या मुलाचं काय होतं, यावर कुणी फार बोलत नाही. स्नेहसंमेलनाचा पोशाख, सहल, डिजिटल वर्गाची वर्गणी अशा बाबी फीत धरलेल्या नसतात. आठवी संपली की कायद्याचं छत्र संपतं, नववीची पूर्ण फी समोर उभी राहते, आणि आठ वर्षं ज्यांच्यासोबत डबा खाल्ला त्यांना सोडून मूल दुसरीकडे जातं. हे संरक्षण किमान दहावीपर्यंत न्यायला हवं.

या सगळ्यात सर्वांत समावेशक संस्था कोणती, असं मला कुणी विचारलं तर मी जिल्हा परिषदेची शाळा हेच नाव घेईन. तिथं प्रवेशासाठी मुलाखत नाही, दाखला नसला तरी नाव घालतात, जात-धर्म-अपंगत्व पाहून कुणाला परत पाठवता येत नाही. वाडी-पाड्यावरची पहिली शिकलेली मुलगी बहुतेक वेळा याच शाळेतून निघते. राज्यात २०पेक्षा कमी पटाच्या १४ हजारांहून अधिक शाळा आहेत. २०२३पासून त्यांच्या जागी मुलांना बसनं एकत्र आणणाऱ्या मोठ्या समूह शाळा करण्याचा विचार सुरू झाला, पानशेत आणि तोरणमाळचे दाखले दिले गेले. पाच मुलांच्या शाळेत खेळायला गडी मिळत नाहीत, एकच शिक्षक सगळं बघतो, हे म्हणणं खरं आहे. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा मिळेल, विशेष शिक्षक मिळेल, हेही खरं. पण बस चुकली, बंद पडली, ओढ्याला पूर आला, तर घरी कोण राहतं? मुलगी राहते, धाकट्या भावंडाला सांभाळणारी राहते, पायानं अधू असलेला राहतो. मोठी शाळा बाकीच्यांसाठी चांगली होते आणि नेमकी हीच मुलं गळतात.

म्हणून शाळा हलवण्याचा निर्णय एकट्या पटाच्या आकड्यावर होऊ नये. त्या शाळेतल्या प्रत्येक मुलाची घरची भाषा, घर ते शाळा अंतर आणि वाटेतले ओढे-घाट, स्थलांतराचे महिने, अपंगत्व, घरातली कामं असा तक्ता आधी तयार व्हावा. तो करण्यासाठी नवी समिती नको. शिक्षण हक्क कायद्यानं अशा प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे, तिच्यात ७५ टक्के पालक आणि निम्म्या बायका असतात, आणि शाळा विकास आराखडा करणं हे तिचं कायदेशीर काम आहे. बहुतेक ठिकाणी तो आराखडा मुख्याध्यापक एकटेच भरतात, कारण बैठक दुपारी असते आणि पालक तेव्हा मजुरीवर असतात. ती बैठक रात्री घ्यावी लागेल, आणि धारणी-चिखलदऱ्यात ती कोरकूत घ्यावी लागेल.